मागचं आयुष्य सोडून ईश्वरी पाचारणाला होकार देताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिक्षण, नोकरी, व्यवसाय यांत काही वर्षं काढल्यावर धर्मगुरू, पाळक, धर्मभगिनी, ब्रदर किंवा मिशनरी होण्याची ओढ लागलेल्यांसाठी हे पान आहे. कॅथलिक नियमांची कलमं १९८३ च्या चर्च कायदासंहितेतली आहेत. प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या पद्धती एकसारख्या नाहीत, म्हणून तिथे बहुतेकांना लागू पडेल तेवढंच लिहिलं आहे. खालच्या सगळ्या उत्तरांत एक आग्रह दिसेल: मागचं नीट आवरणं ही पाचारणाच्या वाटेतली अडचण नाही, ती त्या वाटेची पहिली मजल आहे.

हे पाचारण आहे की मी कशापासून तरी पळतो आहे, हे कसं ओळखायचं?

स्वतःला एक प्रश्न विचारा: आजची अडचण उद्या सकाळी मिटली तर ही ओढ उरेल का? वरिष्ठ बदलले, तुटलेलं नातं जुळलं, कर्ज फिटलं, तरीही जावंसं वाटेल का? उत्तर डोक्यात ठेवू नका, कागदावर लिहा. एका बाजूला काय सोडायचं आहे, दुसऱ्या बाजूला कशाकडे जायचं आहे. पहिली बाजू लांबत गेली आणि दुसरीकडे ‘शांती’, ‘सेवा’ असे दोन-चार मोघम शब्दच उरले, तर अजून थांबायला हवं.

घरातला मृत्यू, मोडलेलं लग्न, गेलेली नोकरी यांनंतर किमान एक वर्ष असा निर्णय घेऊ नये. उदासीच्या काळात आधीचा निश्चय बदलू नये, हा येशूसंघाचा संस्थापक संत इग्नेशियस याचा नियम इथे अक्षरशः पाळावा. उलटी बाजूही तितकीच खरी: चांगल्या रिट्रीटनंतरचे (प्रार्थना-मननासाठी काढलेल्या दिवसांनंतरचे) पंधरा दिवस निर्णयाला तेवढेच धोक्याचे असतात. सहा महिने रोज एकाच वेळी प्रार्थना करा आणि त्यानंतर दोन ओळींची नोंद ठेवा. कंटाळवाण्या, थकलेल्या, काहीच न घडलेल्या दिवसांच्या नोंदींतही ओढ दिसत असेल, तर ती गंभीरपणे घ्या.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. पाचारण एकट्याला ऐकू येऊन पुरत नाही. अंत्युखिया शहरात बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) यांना वेगळं करण्याचा शब्द प्रार्थना व उपास करणाऱ्या मंडळीला आला आणि मंडळीनेच हात ठेवून त्यांना पाठवलं (प्रेषितांची कृत्ये १३:२-३). तुमच्या आतला आवाज आणि मंडळीची पारख या दोन्ही गोष्टी जुळाव्या लागतात.

शिष्यांनी तर लगेच जाळी टाकली. मग आम्ही वर्ष-दोन वर्षं कशाला थांबायचं?

तोच उतारा पुढे वाचा. याकोब आणि योहान निघाले तेव्हा जब्दी एकटा पडला नाही, तारवात मजूर होते (मार्क १:२०). पेत्राचं घर त्यानंतरही होतं, तिथेच त्याच्या सासूचा ताप उतरला (मार्क १:२९-३१). जकातदार लेवीने उठून येशूच्या मागे जाण्याआधी खाती कशी बंद केली ते लिहिलेलं नाही, पण नंतर त्याने जुन्या सोबत्यांना बोलावून मोठी मेजवानी दिली हे लिहिलं आहे (लूक ५:२९).

सर्वांत बोलकं उदाहरण अलीशाचं आहे (१ राजे १९:१९-२१). बारा जोड्यांची नांगरट चालली होती, म्हणजे घर खाऊनपिऊन सुखी होतं. त्याने आईबापांचा निरोप घ्यायची परवानगी मागितली, बैलजोडी कापली, नांगराच्या लाकडांवर मांस शिजवलं आणि लोकांना जेवू घातलं. परतीची वाट त्याने बंद केली, पण निरोप न घेता गेला नाही. बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशेब करा, हे तर प्रभूचेच शब्द आहेत (लूक १४:२८).

होकार लगेच द्यायचा असतो. राजीनामा लगेच द्यायचा नसतो. इग्नेशियस मे १५२१ मध्ये पाम्प्लोना इथे लढाईत जखमी झाला आणि अंथरुणावर त्याचं मन पालटलं. त्याला धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली १५३७ मध्ये. मधली सोळा वर्षं वाया गेली असं कोणी म्हणत नाही.

पहिलं पाऊल नेमकं कोणतं?

आध्यात्मिक मार्गदर्शक शोधणं. महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, तासभर भेट. तो तुमचा मित्र, नातेवाईक किंवा ज्या संस्थेत जायचं आहे तिथला भरती पाहणारा माणूस नसावा, कारण या तिघांनाही निकालात रस असतो. चार-सहा भेटींनंतर धर्मप्रांताच्या (बिशपच्या अधिकारक्षेत्राच्या) किंवा धर्मसंघाच्या (व्रतं घेऊन एकत्र राहणाऱ्यांच्या संस्थेच्या) पाचारण संचालकाशी बोला, प्रोटेस्टंट असाल तर आपल्या पाळकाशी आणि मग मंडळीच्या वडिलांशी. त्यानंतर ‘या आणि पाहा’ प्रकारची भेट. एकच घर पाहून ठरवू नका. चिंतनपर मठ, शिकवणारा संघ आणि रुग्णसेवेचा संघ यांचा दिवस इतका वेगळा असतो की एकात गुदमरणारा माणूस दुसऱ्यात फुलतो.

या काळात नोकरी चालू ठेवायची. भेटीसाठी रजा काढायची.

वयाची अट काय?

नोव्हिशिएटमध्ये, म्हणजे धर्मसंघातल्या व्रतांआधीच्या तयारीच्या काळात, १७ पूर्ण झाल्याशिवाय प्रवेश वैध नाही (कलम ६४३). पहिल्या व्रतांसाठी (दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन) १८, कायमच्या व्रतांसाठी २१, धर्मगुरुपदासाठी २५. स्थायी डीकनसाठी (धर्मगुरूच्या खालची दीक्षित सेवा, जी विवाहितालाही घेता येते) अविवाहिताला २५, विवाहिताला ३५ आणि पत्नीची संमती. वरची मर्यादा संहितेत नाही. ती प्रत्येक धर्मप्रांत किंवा संघ आपापली ठरवतो, त्यामुळे एका ठिकाणी वयामुळे नकार आला म्हणून दार कायमचं बंद झालं असं समजू नका.

एकूण किती वर्षं लागतात?

धर्मप्रांतीय धर्मगुरूसाठी तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान (देवाविषयीचं शास्त्र) मिळून सहा पूर्ण वर्षं: दोन आणि चार. व्हॅटिकनच्या २०१६ च्या मार्गदर्शनानुसार त्याआधी एक ते दोन वर्षांचा पूर्वतयारीचा काळ असतो. म्हणजे सात-आठ वर्षं धरून चाला. आधीच्या पदवीमुळे थोडी सूट मिळू शकते, पण तिच्यावर विसंबून बेत आखू नये.

धर्मसंघात आधी काही महिने ते दोन वर्षं उमेदवारी. मग नोव्हिशिएट: किमान बारा महिने, कमाल दोन वर्षं, गरज पडल्यास सहा महिने वाढ. त्या बारा महिन्यांत सलग किंवा तुकड्यातुकड्याने तीन महिन्यांहून जास्त गैरहजेरी झाली तर नोव्हिशिएट अवैध ठरतं, आणि पंधरा दिवसांहून जास्त झाली तर ते दिवस भरून द्यावे लागतात (कलम ६४९). म्हणून शस्त्रक्रिया, कोर्टाची तारीख, भावंडाचं लग्न असं जे आधी उरकता येईल ते प्रवेशापूर्वी उरका. पुढे तीन ते सहा वर्षं तात्पुरती व्रतं, वाढवून जास्तीत जास्त नऊ, आणि त्यानंतर कायमची. चिंतनपर मठातल्या भगिनींचं सुरुवातीचं घडण नऊ ते बारा वर्षांचं असतं.

प्रोटेस्टंट मंडळ्यांत साधारण तीन-चार वर्षांचं ईशज्ञानाचं शिक्षण, त्यानंतर अनुभवी पाळकाच्या देखरेखीखाली सेवेचा काळ आणि मग दीक्षा, असा क्रम सामान्यतः दिसतो.

माझं लग्न झालं आहे.

कॅथलिक धर्मसंघात विवाहबंधन असेपर्यंत प्रवेश अवैध आहे. कोर्टातून घटस्फोट घेतला म्हणून ते बंधन सुटत नाही. जोडीदाराचं निधन, किंवा तो विवाह मुळातच अवैध होता असा चर्चच्या न्यायासनाचा निर्णय, हेच सहसा मार्ग. विधुर आणि विधवांना वाट मोकळी असते, पण मुलं स्वतःच्या पायावर उभी असावीत अशी संस्थांची अपेक्षा असते आणि ती रास्त आहे.

पाळक किंवा मिशनरी होणाऱ्यांच्या बाबतीत प्रश्न नियमाचा नसतो, जोडीदाराच्या मनाचा असतो. ‘तुझी इच्छा असेल तर जा’ ही संमती नव्हे. राहण्याची जागा बदलणार, उत्पन्न घटणार, घराचा दरवाजा सतत उघडा राहणार, मुलांची शाळा बदलणार: या चारही गोष्टी जोडीदाराने स्वतः पाहिलेल्या असाव्यात. शक्य असेल तर एखाद्या पाळकाच्या घरी दोघांनी आठवडाभर राहावं. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधल्या काळात दोघांनी दीर्घ ताटातूट सोसली. देव जोडीदारालाही त्याच्या वेळेला बोलावतो. ती वेळ आपल्या घाईने जवळ येत नाही.

माझ्यावर कर्ज आहे. अर्ज करू शकतो का?

अर्ज आणि बोलणी करू शकता, प्रवेश मात्र सहसा कर्ज फिटल्यावरच मिळतो. जे फेडता येणार नाही असं कर्ज असलेल्यांना घेऊ नये, असं कलम ६४४ सांगतं. कारण साधं आहे. व्रतं घेतल्यावर तुम्ही श्रमाने जे मिळवाल ते संस्थेचं होतं, तुमच्या हातात हप्ता भरायला काही उरत नाही. मग बोजा जामीनदारावर किंवा आईवडिलांवर पडतो.

एक तक्ता करा: कर्ज कोणाचं, शिल्लक किती, हप्ता किती, शेवटचा हप्ता कधी, जामीन कोण. त्यात तीन गोष्टी हमखास राहून जातात. पहिली, नातेवाइकांकडून तोंडी घेतलेले पैसे. त्यांना कागद नसतो म्हणून ते विसरले जातात, पण देणारा विसरत नाही. दुसरी, तुम्ही दुसऱ्यांसाठी राहिलेला जामीन. प्रवेशाआधी त्यातून लेखी मुक्तता घ्या. तिसरी, क्रेडिट कार्डाला जोडलेली आपोआप जाणारी वर्गणी. शेवटच्या हप्त्याची तारीख काढा, तीन महिने पुढे जा आणि प्रवेशाची तारीख त्यानंतरची धरा. कर्ज फेडायला दोन वर्षं लागणार असतील तर ती दोन वर्षं तुमच्या घडणीतलीच आहेत, तशीच ती जगा.

‘देव बघून घेईल’ म्हणून हप्ते थकवू नका.

आईवडील माझ्यावर अवलंबून आहेत. मी स्वार्थी ठरतो का?

अवलंबून असणं दोन प्रकारचं असतं. त्यांना तुमची सवय आहे आणि तुम्ही गेल्यावर रिकामं वाटणार, हा एक प्रकार. तो खरा आहे, पण प्रत्येक लेकरू घर सोडतं तेव्हा तो येतोच. दुसरा प्रकार म्हणजे औषधं, भाडं, रोजची सेवा तुमच्यावाचून होणार नाही. दुसरा असेल तर व्यवस्था होईपर्यंत थांबा. देवाला ‘कुर्बान’ केलं असं म्हणून आईबापांना मदत नाकारणाऱ्यांना येशूने किती कडक शब्दांत सुनावलं ते मार्क ७:९-१३ मध्ये वाचा.

व्यवस्था म्हणजे ‘भाऊ बघेल’ नव्हे. भावाबरोबर बसून महिन्याचा खर्च, दवाखान्याच्या फेऱ्या, रात्री-अपरात्री कोण धावेल हे ठरवा आणि किमान सहा महिने ते तुम्ही असतानाच चालवून पाहा. बिनसलं तर तुम्ही जवळ असताना बिनसू दे.

घरच्यांना कधी सांगावं?

निर्णय झाल्यावर नव्हे, विचार पक्का होत असताना. बहुतेक रागाचं मूळ ‘तू जातोस’ यापेक्षा ‘आम्हाला सगळ्यात शेवटी कळलं’ यात असतं. आधी आईवडील किंवा जोडीदार, मग भावंडं, मग जवळचे मित्र, समाजमाध्यमांवर सगळ्यांत शेवटी, आणि तिथे नाही सांगितलं तरी चालतं. सांगताना वाद जिंकायचा प्रयत्न करू नका. ‘देवाने सांगितलं’ या वाक्यापुढे घरच्यांना बोलायला जागाच उरत नाही. त्याऐवजी तुम्ही काय करत आहात, किती काळ लागेल, परत येता येतं का, भेटता येईल का, हे सांगा. पहिला नकार हा शेवटचा नकार नसतो. रडणं हाही नकार नसतो.

नोकरी कधी सोडावी?

प्रवेशाचं लेखी पत्र हातात आल्यावर, त्याआधी नाही. करारात असेल तेवढी सूचना द्या आणि काम सोपवण्यासाठी शक्य तर आणखी काही आठवडे. व्यावसायिक परवाना किंवा नोंदणी लगेच रद्द होऊ देऊ नका. डॉक्टर, नर्स, शिक्षक, लेखापाल यांना पुढे त्याच कामासाठी पाठवलं जाऊ शकतं, आणि परत यावं लागलं तर पोटापाण्याचा तोच आधार. भविष्य निर्वाह निधी, विमा, कर यांचे कागद एका फायलीत लावा आणि त्या फायलीची माहिती घरातल्या एका माणसाला द्या.

सगळं विकून दान करून टाकू का?

मनात हा उमाळा येतो तो चांगलाच आहे. पण चर्चने स्वतःच त्याला पायऱ्या घालून दिल्या आहेत (कलम ६६८). पहिल्या व्रतांपूर्वी मालमत्तेची मालकी सोडायची नसते, तिचा कारभार दुसऱ्याकडे सोपवायचा आणि तिचं उत्पन्न कोणाला जावं ते ठरवायचं. कायमच्या व्रतांपूर्वी दिवाणी कायद्यात टिकणारं मृत्युपत्र करायचं. मालकीचा पूर्ण त्याग मागणाऱ्या संघांतही तो कायमच्या व्रतांच्या आधी लिहून देतात आणि त्या व्रतांच्या दिवसापासून लागू होतो.

यामागे शतकांचं शहाणपण आहे. नोव्हिशिएटमधून माणसं परत येतात आणि त्यात अपयश नाही. पण घर विकून ते पैसे वाटून आलेला माणूस परत जायला घाबरतो, नको त्या वाटेवर राहतो, आणि पुढे व्रतं घेतली तर ती मोकळ्या मनाने घेतलेली नसतात. म्हणून कायमच्या व्रतांपर्यंत किमान सहा महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम वेगळी ठेवा. कारभार सोपवाल तो लेखी आणि एकाच माणसाकडे. दोन भावांकडे संयुक्तपणे सोपवलेल्या घराचे वाद मठापर्यंत येतात.

कपडे, पुस्तकं, गाडी, उपकरणं मात्र जरूर देऊन टाका. तिथे सोडण्याचा सराव होतो.

पूर्वायुष्यातल्या चुका सांगाव्याच लागतात का? व्यसन, गुन्हा, मानसिक आजार?

कबुलीसंस्कारात सांगितलेलं तिथेच राहतं, ते कोणी विचारू शकत नाही. पण अर्जात आणि मुलाखतीत विचारलेल्या गोष्टी लपवू नका. मनुष्यहत्या, गर्भपातात प्रत्यक्ष सहभाग, आत्महत्येचा प्रयत्न अशा काही गोष्टी दीक्षेच्या आड येतात (कलम १०४१), आणि त्यांतून सूट मागण्याचा मार्गही आहे. ती आधी मागितली जाते. लपवून घेतलेली दीक्षा पुढे फार मोठं दुःख देते. आधी कोणत्या सेमिनरीत (धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात) किंवा संघात होता हेसुद्धा सांगावंच लागतं, कारण नवी संस्था जुन्या संस्थेकडे दाखला मागते.

व्यसन सुटलेल्यांकडून सहसा दोन-तीन वर्षांचा निर्व्यसनी काळ अपेक्षित असतो. नव्याने श्रद्धेत आलेल्यांनाही साधारण तेवढंच थांबवतात; नवशिक्याला नेमू नये, असं पौल लिहितो (१ तीमथ्य ३:६). नैराश्यावर उपचार चालू असणं म्हणजे आपोआप नकार नव्हे. प्रवेशासाठी गोळ्या अचानक बंद करणं ही मात्र घातक चूक आहे. मठातली शांतता नवख्याला सुरुवातीला जड जाते आणि त्यात औषधाचा आधार काढलेला असतो. डॉक्टरांना बेत सांगा.

कोणती कागदपत्रं लागतात?

स्नानसंस्काराचा (बाप्तिस्म्याचा) नवा दाखला, शक्यतो गेल्या सहा महिन्यांत काढलेला. घरातली जुनी प्रत चालत नाही, कारण विवाह, दीक्षा, कायमची व्रतं यांच्या नोंदी मूळ नोंदवहीत नंतर चढतात आणि तुम्ही मोकळे आहात हे त्यावरूनच कळतं. शिवाय दृढीकरणाचा दाखला, शिक्षणाची प्रमाणपत्रं, वैद्यकीय अहवाल, तुमच्या धर्मगुरूंचं पत्र. दाखल्यावरच्या आणि पदवीवरच्या नावाच्या अक्षरांत फरक असेल तर आधी दुरुस्त करून घ्या. त्याला महिने जातात.

पहिल्या वर्षात सर्वांत जड काय जातं?

प्रार्थना नव्हे. ओळख जाणं. काल ज्याच्या सहीने कामं हलत होती त्याने आज बाहेर जायची परवानगी मागायची, भांडी घासायची पाळी सांभाळायची आणि निम्म्या वयाच्या मुलांबरोबर वर्गात बसायचं. इग्नेशियस तिशी ओलांडल्यावर बार्सिलोनात मुलांच्या शेजारी बसून लॅटिन शिकला. मोठ्या वयात येणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे तिसऱ्याच महिन्यात संस्थेचा कारभार सुधारायला घेणं. सूचना बरोबर असली तरी वर्षभर वहीत ठेवा.

झोपेची वेळ, जेवणाची वेळ, पैसे मागून घेणं या लहान गोष्टी मोठ्या त्यागांपेक्षा जास्त टोचतात. म्हणून निघण्याआधी तीन महिने ठरलेल्या वेळी उठा, खर्चाला ठरलेली छोटीच रक्कम ठेवा, रात्री नऊनंतर फोन बंद करा.

कोणत्या संस्थेपासून सावध राहावं?

प्रवेशाआधी पैसे किंवा मालमत्ता लिहून मागणारी. घरच्यांशी संबंध तोडायला सांगणारी. एकाच व्यक्तीच्या शब्दावर चालणारी, जिच्या वर कोणी बिशप, मंडळ किंवा सभा नाही. महिन्याभरात निर्णय मागणारी. सोडून गेलेल्यांना शाप देणारी किंवा त्यांच्याशी बोलू न देणारी. यांपैकी एक जरी दिसली तरी दोन पावलं मागे या. चांगली संस्था तुम्हाला घाई करत नाही. सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या नियमावलीत (प्रकरण ५८) नव्याला सहज आत घेऊ नये, चार-पाच दिवस दाराशीच ताटकळू द्यावं असं म्हटलं आहे, आणि आत घेतल्यावर वर्षभरात तीनदा नियम वाचून दाखवून ‘जमत नसेल तर मोकळेपणाने जा’ असं सांगायला लावलं आहे.

जमलं नाही तर?

नोव्हिस (नोव्हिशिएटमधला उमेदवार) कोणत्याही दिवशी निघू शकतो. तात्पुरत्या व्रतांची मुदत संपल्यावरही निघता येतं, मुदतीच्या मध्ये निघायला वरिष्ठांची अनुज्ञा लागते. कायमच्या व्रतांनंतर मात्र अत्यंत गंभीर कारण लागतं, आणि संघ थेट रोमच्या अधिकाराखालचा असेल तर निर्णय रोमहून येतो. केलेल्या कामाचा मोबदला मागता येत नाही, पण जाणाऱ्याशी संस्थेने न्यायाने आणि प्रीतीने वागावं असं कलम ७०२ सांगतं. म्हणून निघताना तात्पुरती मदत विचारायला संकोच नको.

बेनेडिक्टच्याच प्रकरणात एक तरतूद आहे. व्रत घेणाऱ्याच्या अंगावरचे जुने कपडे टाकून द्यायचे नाहीत, मठाच्या कपाटात जपून ठेवायचे. कधी तो निघालाच तर त्याला ते परत मिळावेत.

निघण्याच्या दिवशी सोबत काय न्यावं?

संस्थेने दिलेली यादी, तेवढंच. यादीत नसलेल्या पण लागणाऱ्या गोष्टी: चष्म्याची दुसरी जोडी, तीन महिन्यांची औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी, दाखल्यांच्या दोन-दोन प्रती, आणि घरच्यांचे फोन नंबर कागदावर लिहून, कारण फोन जमा केल्यावर ते कोणालाच आठवत नाहीत. जुना मोबाइल नंबर बंद करण्याआधी बँक, विमा आणि कराच्या खात्यांना कारभार पाहणाऱ्याचा नंबर जोडा. हे काम आदल्या रात्रीवर ठेवू नका, त्याला दोन आठवडे लागतात.